अमेरिकेत मेडिकेअरमधून आईसाठी घरी नर्स किंवा दिवसभराची बाई मिळते का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचाच २०२२ चा फेब्रुवारी आठवला. तुमच्या आई ७६ वर्षांच्या, ग्रीन कार्ड होऊन आठ वर्षं झालेली, मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे, बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता रिहॅबवाले (ऑपरेशननंतर ठेवून घेऊन व्यायाम-उपचार देणारं केंद्र) पुढच्या आठवड्यात घरी सोडतो म्हणतायत आणि तुम्ही दोघंही ऑफिसला जाणारे. आमच्याकडे सासूबाई होत्या, बाकी सगळं तेच, बाथरूमसकट. आम्ही न्यू जर्सीत, पण मेडिकेअर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, असल्यामुळे नियम तुम्हालाही तेच.

दिवसभर बसणारी बाई मेडिकेअर देत नाही. पुण्यात ब्युरोला फोन करून बारा तासांची बाई ठेवतो ना, तसलं यात काही नाही. स्वयंपाक, कपडे, सोबत, रात्रीची राखण, काही नाही. मिळतं त्याला होम हेल्थ म्हणतात, म्हणजे नर्स येते, पीटी म्हणजे फिजिओ येतो, ओटी म्हणजे रोजची कामं परत जमवायला शिकवणारी थेरपिस्ट येते, गरज असेल तर बोलण्या-गिळण्याची थेरपिस्ट, आणि हे चालू आहे तोवर अंघोळ वगैरे घालायला थोडा वेळ एड, म्हणजे मदतनीस बाई. नुसती एड मागितली तर नाही मिळत, नर्स किंवा थेरपी बंद झाली की एडही बंद. कागदावर आकडे मोठे दिसतात, नर्स आणि एड मिळून दिवसाला ८ तासांपर्यंत, आठवड्याला २८ तासांपर्यंत, ते वाचून मी तर नवऱ्याला म्हटलं सुटलो आपण. प्रत्यक्षात आमच्याकडे एड आठवड्यातून दोनदा पाऊण तास यायची. पीटी तीनदा, नर्स सुरुवातीला दोनदा, मग एकदा. पण जे मिळालं त्याचं बिल शून्य. डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) नाही, को-पे (दर वेळचा आपला वाटा) नाही. फक्त वॉकर, कमोड खुर्ची असल्या सामानाचे पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर, सामान वगैरेंचा भाग) मधून २० टक्के आपल्याला पडतात, तेही बी चं डिडक्टिबल (२०२५ ला २५७ डॉलर होतं) संपल्यावर. आणि अंघोळीची खुर्ची, भिंतीचे धरायचे दांडे हे मेडिकेअर देतच नाही, ते आपलं आपण घ्यायचं, आणि ते मात्र आई घरी यायच्या आधी लावून घ्या.

आता हे मिळायला दोन गोष्टी लागतात आणि सगळी गाडी त्यावरच अडते. एक म्हणजे नर्सचं किंवा थेरपिस्टचं कौशल्य लागेल असं काम असलं पाहिजे (नुसतं रक्त काढायला नर्स हवी हे चालत नाही). दुसरं म्हणजे पेशंट होमबाउंड असला पाहिजे. होमबाउंड म्हणजे अंथरुणाला खिळलेला नव्हे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्थ इतकाच की वॉकर, काठी, व्हीलचेअर किंवा माणसाच्या आधाराशिवाय बाहेर पडता येत नाही किंवा डॉक्टरांनीच बाहेर पडू नका म्हटलंय, आणि शिवाय एरवी बाहेर जाणं होत नाही, गेलं तर दमछाक होते. डॉक्टरकडे जायला, देवळात जायला, केस कापायला, घरातल्या कार्याला कधीतरी जायला परवानगी आहे. सासूबाई त्या काळात दोनदा देवळात गेल्या, आम्ही दोघांनी धरून, आल्यावर दोन तास आडव्या. याने होमबाउंडपणा जात नाही. मी आधी उगाच घाबरून त्यांना नर्ससमोर देवळाचं बोलू नका म्हटलं होतं, काही गरज नव्हती लपवायची.

पण खरा घोळ वेगळाच झाला आणि तो आपल्याच लोकांत होतो असं माझं पक्कं मत आहे. एजन्सीची, म्हणजे ही माणसं घरी पाठवणाऱ्या कंपनीची, नर्स पहिल्यांदा येते तेव्हा तास-दीड तास प्रश्न विचारत बसते. स्वतः अंघोळ करता का, खुर्चीतून उठता का, जिना, कपडे, गोळ्या, दुखतं किती. यावर पुढच्या व्हिजिट्स ठरतात. आता घरात पाहुणी आली आणि सासूबाई बसून राहतील? नर्स बेल वाजवतेय तोवर या साडी नेसून तयार, आणि मी दार उघडेपर्यंत वॉकर भिंतीला टेकवून ओट्यापाशी, पोहे भिजवलेले! नर्स विचारतेय दुखतं का, या हसून म्हणतात नो नो, आय अॅम फाइन, यू सिट, टी? त्या बिचारीने लिहिलं तेच जे दिसलं. मी मधे पडून सांगितलं की अहो या रात्री बाथरूमला जाताना मला हाक मारतात, सकाळी ब्लाउजची बटणं मी लावते, गोळ्या डब्यात भरून दिल्या नाहीत तर दोनदा घेतात, तेव्हा तिने खोडून परत लिहिलं. खोटं एक अक्षर सांगायचं नाही, पण आपल्या आया जे झाकतात ते सांगायला तिथे घरातलं कुणीतरी हवंच, त्या दिवशी सुट्टी टाका. आणि आदल्या रात्री आईंना समजावून सांगा की चांगला दिवस सांगायचा नसतो, वाईट दिवस सांगायचा असतो. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागा, एजन्सीने तो फुकट द्यायचा असतो. आमच्याकडे फोनवरून हिंदी मिळाला, मराठी नाही मिळाला, पण भागलं.

कागदपत्रांचं म्हणाल तर डॉक्टरने, किंवा २०२० पासून नर्स प्रॅक्टिशनर किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) नेही चालतं, ऑर्डर द्यायची, प्लॅन ऑफ केअरवर (उपचारांच्या आराखड्यावर) सही करायची आणि पेशंटला समोरासमोर तपासल्याची नोंद असावी लागते, सेवा सुरू व्हायच्या आधीच्या ९० दिवसांत किंवा नंतरच्या ३० दिवसांत. हॉस्पिटल-रिहॅबमध्ये तपासलंय म्हणून लोक निवांत असतात, पण घरी आल्यावर पुढच्या सह्या कोण करणार हे कुणी विचारत नाही. रिहॅबचा डॉक्टर म्हणतो माझं काम संपलं, नेहमीचा डॉक्टर म्हणतो मी तर पाहिलंच नाही. आमचे असेच चार दिवस गेले. आजच नेहमीच्या डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करून विचारा की होम हेल्थच्या ऑर्डर तुम्ही फॉलो करणार ना, हो म्हणाले की रिहॅबच्या सोशल वर्करला नाव द्या. नियमाप्रमाणे एजन्सीची पहिली व्हिजिट घरी आल्यापासून ४८ तासांत व्हायला हवी, डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली नसेल तर.

एजन्सी कुठली ते तुम्ही ठरवायचं. सोशल वर्कर यादी देते आणि बोटाने एकीवर खूण करते, तीच एजन्सी घ्यायला पाहिजे असं नाही. मेडिकेअरच्या वेबसाइटवर केअर कंपेअरमध्ये स्टार रेटिंग दिसतं, पण स्टारपेक्षा सरळ फोन करून विचारा की आमच्या गावात पीटी आहे का आणि किती दिवसांत येईल. एका ठिकाणी मला म्हणाले पीटी नऊ दिवसांनी, मी ठेवून दिला फोन.

आणि हॉस्पिटलमध्ये तीन दिवस अॅडमिट असल्याशिवाय घरी काही मिळत नाही असं कुणी सांगितलं तर ते रिहॅब सेंटरच्या मुक्कामासाठी आहे, होम हेल्थसाठी नाही. थेट डॉक्टरच्या ऑफिसातूनही ऑर्डर देता येते.

पाचव्या आठवड्यात आमच्या एजन्सीने थेरपी बंद करायची ठरवली. कारण काय तर प्लॅटो, म्हणजे आता पुढे सुधारणा दिसत नाही. आम्ही मानही डोलावली, म्हटलं नियम असेल. असा नियम नाही! जिमो विरुद्ध सेबेलियस म्हणून एक खटला झाला व्हर्मॉन्टच्या फेडरल कोर्टात, त्याची तडजोड कोर्टाने जानेवारी २०१३ मध्ये मान्य केली आणि त्यात स्पष्ट झालं की सुधारणा होतेय का हा निकष नाहीच. आहे ती अवस्था टिकवायला किंवा घसरण थांबवायला थेरपिस्टचं किंवा नर्सचं कौशल्य लागत असेल तरी मेडिकेअरने द्यायचं. इतक्या वर्षांनी अजूनही एजन्सीवाले प्लॅटो म्हणतात, आणि आपण थँक यू म्हणून दार लावतो. होम हेल्थची ६० दिवसांची मुदत म्हणतात तीही शेवट नव्हे, गरज असेल तर डॉक्टर परत सर्टिफाय करतो, म्हणजे अजून गरज आहे असं लिहून देतो, किती वेळा याला मर्यादा नाही.

सगळं बंद करायच्या निदान दोन दिवस आधी ते एक लेखी नोटीस देतात, तिच्यावर अपीलचा फोन नंबर असतो, आणि फोन सेवा संपायच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत करायचा. आमची नोटीस नर्सने सासूबाईंकडून सही घेऊन दिली आणि त्यांनी ती कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवली, दुधाच्या बिलासारखी. नशिबाने मला तिथी बघायची होती म्हणून सापडली, शुक्रवारी सकाळी साडेदहाला, सेवा संपणार शनिवारी. नवऱ्याने फोन लावला, मी डॉक्टरांच्या ऑफिसकडून पत्र मागवलं, कारण होम हेल्थच्या अपीलला डॉक्टरने लिहून द्यावं लागतं की बंद केलं तर तब्येतीला धोका आहे. निकाल आमच्या बाजूने लागला, आणखी पाच आठवडे पीटी मिळाली आणि त्यातच त्या जिना चढायला शिकल्या. तेव्हा आईंना आत्ताच सांगून ठेवा, कुणी काहीही कागद दिला की फोटो काढून मला पाठवायचा.

मग दिवसभराचं काय? ते आपल्याच खिशातून. आम्ही पहिले दोन महिने रोज चार तास बाई ठेवली, तासाला २८ डॉलर, उरलेला वेळ मी आणि नवरा आलटून पालटून घरून काम. लांब मुदतीच्या काळजीला मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) आहे, न्यू जर्सीत त्याच्या एमएलटीएसएस नावाच्या योजनेखाली घरी येणारी एड मिळते, पण त्याला उत्पन्न, शिल्लक सगळं तपासतात. तुमच्या राज्यात काय आहे ते शिप नावाच्या फुकट सल्ला देणाऱ्या लोकांना विचारा, प्रत्येक स्टेटमध्ये असतात, काही विकत नाहीत म्हणून मला त्यांचंच पटतं. अॅडल्ट डे केअरमध्ये (मोठ्यांना दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात) उपचारासाठी गेल्यानेही होमबाउंड जात नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

ज्यांचे आईवडील अजून यायचेत त्यांच्यासाठी जाता जाता: ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, मुलाने इथे कितीही टॅक्स भरलेला असो, फुकट नाही. २०२५ ला पार्ट बी महिना १८५ डॉलर होता, पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) ५१८. ए परवडत नाही म्हणून बरेच जण नुसता बी घेतात, होम हेल्थ त्यातही मिळतं, पण हॉस्पिटलचा मुक्काम नाही, आणि खुब्याच्या ऑपरेशनला तोच सगळ्यात महाग असतो.

आणि हे सगळं ओरिजिनल मेडिकेअरचं, म्हणजे थेट सरकारकडच्या मेडिकेअरचं, सांगितलं. तुमच्या आईंचं मेडिकेअर अॅडव्हान्टेज (खाजगी विमा कंपनीमार्फतचं मेडिकेअर) असेल, म्हणजे दवाखान्यात लाल-पांढऱ्या-निळ्या कार्डाऐवजी एखाद्या कंपनीचं कार्ड दाखवत असाल, तर सेवा याच, पण एजन्सी त्यांच्या नेटवर्कमधली लागते आणि बऱ्याचदा आधी मंजुरी लागते, को-पेही असू शकतो. मग पहिला फोन एजन्सीला नाही, कार्डाच्या मागच्या नंबरवर. कार्ड कुठलं आहे ते बघून सांगा, मग पुढचं लिहिते.