तिसऱ्या बोटीचं विचार

प्रिय लेकी,

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मुलांचं रोइंग (वल्ह्यांच्या बोटींची शर्यत) भारी की मुलींचं, असं तू विचारलंस. करंडक मोजून वाद मिटणार नाही. मुलांनी २०११ ते २०१५ सलग पाच वर्षं आयआरएची, म्हणजे विद्यापीठांतल्या मुलांच्या मोठ्या रोइंग स्पर्धेची, मुख्य शर्यत मारली. मुलींनी २०१७ मध्ये एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांच्या मुख्य संघटनेच्या, तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. बोटहाऊसही दोघांचं एकच, लेक वॉशिंग्टनच्या काठावरचं कॉनिबेअर. फरक आहे तो नियमांत, आणि तिकडच्या संघात शिरू पाहणाऱ्या तुझ्या कामाचं तेच आहे.

मुलांची आयआरए स्पर्धा १८९५ पासूनची. ती एनसीएएच्या कक्षेत कधी आलीच नाही. मुलींसाठी मात्र एनसीएएने १९९७ मध्ये अजिंक्यपद सुरू केलं. याचं मूळ १९७२ च्या टायटल नाईन कायद्यात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलींना खेळात समान संधी द्यावी लागते. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघातच शंभरेक मुलगे असतात. तेवढी संख्या भरून काढायची तर मुलींचा एखादा मोठा संघ हवा, आणि रोइंगमध्ये साठ-साठ मुली सहज सामावतात. म्हणून बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत मुलींच्या रोइंगला शिष्यवृत्त्या आहेत आणि मुलांचं रोइंग नुसता क्लब म्हणून, बरंचसं पदरच्या पैशांवर चालतं. कधी वल्हं हातात न धरलेली उंच, काटक मुलगीही अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी संघात येऊ शकते. पुण्यात मुळेवर सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजचा रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, नुसता काठावरून बघितलेल्या तुझ्यासारखीला ही संधी खरी आहे.

यावर कुणी म्हणेल, मुलींचे लाड चाललेत. त्याला येल विद्यापीठाची गोष्ट सांग. तिथल्या मुली थंडीत नदीवर सराव करायच्या. बोटहाऊसवर त्यांच्यासाठी अंघोळीची सोय नव्हती. मुलगे गरम पाण्याने अंघोळ उरकेपर्यंत या ओल्या कपड्यांत बसमध्ये कुडकुडत बसायच्या. मार्च १९७६ मध्ये ख्रिस अर्न्स्टच्या पुढाकाराने एकोणीस जणी खेळ विभागाच्या अधिकारी बाईंच्या दालनात गेल्या, अंगावरचे कपडे उतरवले आणि पाठी-छातीवर लिहिलेलं ‘टायटल नाईन’ दाखवून त्यांनी आपलं निवेदन वाचलं. दुसऱ्या दिवशी बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये होती. मला त्या मुलींचा फार अभिमान वाटतो. आज तू ज्या सोयी गृहीत धरशील, त्या अशा भांडून मिळाल्यात.

आता सावध राहायची बाब. एनसीएए अजिंक्यपदाला प्रत्येक संघाच्या मुलींच्या दोन आठवल्ही (आठ जणी वल्हवतात ती) आणि एक चारवल्ही बोट उतरते. प्रत्येक बोटीतली कॉक्स, म्हणजे दिशा सांभाळणारी, धरून तेवीस जणी. संघाच्या यादीत साठ नावं असली तर उरलेल्यांचं काय? यादीत नाव असणं निराळं आणि कुणीतरी रोज तुझा स्ट्रोक, म्हणजे वल्हं मारण्याची पद्धत, बघून सुधारणं निराळं. मुलांच्या आयआरएत तिसरी आठवल्ही बोटही उतरते, त्यामुळे तिथे तिसऱ्या फळीला वर्षभर झिजायला कारण असतं. मुलींच्या संघात हे कारण प्रशिक्षकाला मुद्दाम निर्माण करावं लागतं. काही जण मनापासून करतात, काही करत नाहीत.

म्हणून प्रशिक्षकांशी बोलशील तेव्हा तिसऱ्या बोटीचं विचार. तिला स्वतंत्र प्रशिक्षक आहे का? वर्षात शर्यती किती? आणि बोट कुठली? रोइंगची बोट ठराविक वजनाच्या चमूसाठी बांधलेली असते. दणकट मुलग्यांसाठीची जुनी बोट हलक्या मुलींना दिली की ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत राहतो. पहिल्या वर्षी नवख्या म्हणून आलेल्यांपैकी किती जणी चौथ्या वर्षापर्यंत टिकल्या, हेही विचार. जमलं तर संघातल्याच एखादीशी प्रशिक्षक जवळ नसताना बोल.

प्रशिक्षकांना पाठवायच्या ईमेलमध्ये उंची, वजन आणि रोइंग मशीनवरची २००० मीटरची वेळ लिही. वेळ कशीही असली तरी खरीच लिही. मसुदा आधी मला पाठव, रविवारी बघते.

तुझी,
ताई