रेवडी, खिरापत, आमिष की ओवाळणी?

प्रश्न असा आला आहे : निवडणुकीच्या तोंडावर सरकार लोकांच्या खात्यात पैसे जमा करतं, त्याला बातम्यांत 'रेवडी वाटणे' म्हणतात. हा प्रयोग मराठी आहे का? आणि सरकारी पैशाने मतं मिळवणे या अर्थी आपला नेमका शब्द कोणता?

रेवडी हा तिळाचा गोड पदार्थ आपल्याला नवा नाही. पण मराठीत रेवडी वाटत नाहीत, उडवतात. एखाद्याची रेवडी उडवणे म्हणजे चारचौघांत त्याची फजिती करणे. वाटण्याचा अर्थ हिंदीतल्या 'अंधा बाँटे रेवड़ी, फिर फिर अपनों को दे' या म्हणीतून आला. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधान मोदींनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली आणि हा शब्द आपल्या मथळ्यांत येऊन बसला. म्हणीतला डंख 'अपनों को' या शब्दांत आहे, म्हणजे वशिलेबाजीवर. मराठीत येताना तो गळाला आणि नुसता फुकटेपणाचा आरोप उरला, तोही देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्यावरच.

आपल्याकडे 'खिरापत' आहेच. आरतीनंतर किंवा भोंडल्यानंतर समोर येईल त्या हातावर ठेवायची ती खिरापत. म्हणून महामंडळांची, पदव्यांची, आश्वासनांचीही खिरापत वाटतात. पात्रता न बघता सैल हाताने वाटप, एवढाच त्याचा अर्थ. मत मागण्याचा हेतू त्यात येत नाही. तो 'आमिष' या शब्दात येतो. आमिष म्हणजे मूळ संस्कृतात मांस ('निरामिष' आठवा), पुढे गळाला लावायचं भक्ष्य. देणाऱ्याचा डाव या शब्दातच दिसतो, म्हणून तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा शब्द मला हाच वाटतो.

'लाच' मात्र इथे वापरू नये. मतदानाच्या आदल्या रात्री घरी येणारं पाकीट, ज्याला गावोगाव 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात, ती लाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे तो भ्रष्टाचारच आहे. जाहीरनाम्यातलं आश्वासन वेगळं. तमिळनाडूत द्रमुकने २००६ साली रंगीत टीव्ही आणि अण्णा द्रमुकने २०११ साली मिक्सर, ग्राइंडर, पंखे देऊ केले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की पक्षाच्या जाहीरनाम्यातली अशी वचनं त्या कलमाखाली येत नाहीत. त्याच निकालात हेही म्हटलं, की अशा वाटपामुळे मुक्त आणि न्याय्य निवडणुकीचा पाया बराच हलतो. म्हणजे कायद्याने लाच नाही, पण निर्धोकही नाही. या मधल्या जागेला 'आमिष' शोभतो.

मला सगळ्यांत जास्त खटकतो तो मात्र 'ओवाळणी' हा शब्द. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली, दरमहा १,५०० रुपयांची. ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, पहिले दोन हप्ते एकत्र जमा झाले आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं. प्रचारात हे पैसे भावाची ओवाळणी ठरले. ओवाळणी भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. हे पैसे करांतून आले होते, आणि साबणापासून तेलापर्यंतच्या खरेदीवर कर भरणाऱ्यांत त्या बहिणीही होत्या. एकदा ओवाळणी म्हटलं की परतफेडीची अपेक्षा ओघाने येते. त्याच ऑगस्टमध्ये एका आमदारांनी जाहीर कार्यक्रमात आशीर्वाद दिला नाहीत तर १,५०० रुपये परत काढून घेऊ, असं म्हटलंच. नंतर तो विनोद असल्याचा खुलासा झाला. पण लोकशाहीला धक्का बसतो तो नेमका इथे, पैसे देण्यात नव्हे. ज्या बाईला तिच्या संसारात हातात रोख रक्कम कधी मिळालीच नाही, तिच्यासाठी ते पैसे मोलाचे आहेत, आणि तिने मत विकलं असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

याच महाराष्ट्राने या बाबतीत एक फार चांगला शब्द घडवला होता : 'हमी'. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात आली. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाई, आणि काम मिळालं नाही तर मजूर बेकारी भत्ता मागू शके. त्या योजनेचाही राजकीय फायदा पक्षांना झालाच असेल, त्यात वावगं काही नाही. पण हमी मागणारा माणूस कुणाचं देणं लागत नाही. ओवाळणी घेणाऱ्याला उपकृत राहावं लागतं.

म्हणून लिहिताना माझी पद्धत सांगतो. मतदानाच्या तोंडावर घाईने, तरतुदीचा हिशेब न देता जाहीर झालं, तर 'आमिष'. निकष गुंडाळून वाटलं, तर 'खिरापत'. कायद्याने मागता येत असेल, तर 'हक्क' किंवा 'हमी'. आणि 'लाभार्थी' लिहिण्याआधी तिथे 'हक्कदार' बसतो का, हे एकदा बघतो. बसत नसेल, तर ती योजना अजून कुणाच्या तरी मर्जीवर चालते आहे, आणि ती बातमी त्या मर्जीबद्दल लिहायला हवी.