नवी रायफल, पोलादी पुंगळी आणि सहा हजार डॉलर

प्रश्न थोडक्यात असा: कोलोरॅडोत राहणारे आणि अमेरिकी नागरिक असलेले एक वाचक दरवर्षी एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातात. त्यांच्याकडे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम या काडतुसाची उत्तम स्थितीतील रायफल आहे. आता फेडरल कंपनीच्या ‘७ एमएम बॅककंट्री’ या नव्या काडतुसासाठी रायफल (२,३०० डॉलर), दुर्बीण (१,१०० डॉलर), सायलेन्सर (९०० डॉलर) आणि नगाला ४ डॉलर दराने ४०० काडतुसे (१,६०० डॉलर) घेण्याचा त्यांचा विचार आहे. काडतुसांचे भाव चढतच असल्याने हा साठा गुंतवणूकही ठरेल, असे त्यांना वाटते. पैसे १४,००० डॉलरच्या आपत्कालीन निधीतून काढायचे आहेत. घरखर्च महिन्याला ६,५०० डॉलर असून पत्नीचे कंत्राट मार्चमध्ये संपते.

उत्तर: माझ्या मते ही खरेदी यंदा करू नये. मात्र हा निर्णय काडतुसाच्या गुणवत्तेवरून घेतलेला नाही, कारण त्या बाबतीत आपली पारख योग्यच आहे.

पितळी पुंगळीच्या (दारू आणि गोळी धरणाऱ्या कवचाच्या) काडतुसांचा कमाल दाब आजवर साधारण ६५,००० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आतच राहिला आहे. जुन्या .३०-०६ या काडतुसाची मर्यादा ६०,००० आहे आणि आपल्या रेमिंग्टन मॅग्नमची ६१,०००. त्याहून फार वर गेले, की पुंगळीचा बुडाकडील भाग पसरतो आणि पितळ साथ सोडते. अमेरिकी लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये सिग सॉअर कंपनीची ६.८ मिलिमीटर रायफल निवडली, तेव्हा तिच्या काडतुसाला पोलादी बूड आणि पितळी अंग अशी जोडपुंगळी होती; त्याच्या .२७७ फ्युरी या नागरी रूपासाठी ८०,००० पीएसआयची मर्यादा ठरलेली आहे. फेडरलने जानेवारी २०२५ मध्ये शिकाऱ्यांसाठी जे काडतूस आणले, त्याची पुंगळी संपूर्ण पोलादी मिश्रधातूची असून दाबाची मर्यादा तीच आहे. त्यामुळे १७० ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) गोळी अवघ्या २० इंची नळीतून सेकंदाला ३,००० फुटांच्या वेगाने निघते, असे कंपनी सांगते. आपल्या मॅग्नमला त्याच्या आसपास पोहोचण्यासाठी २४ इंची नळी लागते.

म्हणजे जास्तीचे पैसे मोजून आपण मुख्यतः चार इंच आखूड नळी विकत घेत आहात. पुढे सायलेन्सर लावून दाट झाडीत दिवसभर रायफल वाहणाऱ्याला ही सोय मोलाची वाटेल, हे मला मान्य आहे. परंतु आपणच लिहिता, की तीनशे यार्डांपलीकडे आपण कधी गोळी झाडत नाही. त्या अंतरात आपली जुनी रायफल एल्कला पुरून उरते.

आता हिशेबाकडे येऊ. आपल्या चारही आकड्यांची बेरीज ५,९०० डॉलर होते. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला ६.५ टक्के राज्य अबकारी कर १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. तो कायद्याने विक्रेत्यावर असला, तरी बहुधा ग्राहकाच्याच बिलात उतरतो, आणि रायफल व काडतुसांच्या ३,९०० डॉलरवर तो सुमारे २५० डॉलर होतो. सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला आहे, तरीही अर्ज आणि नोंदणी सुटलेली नाही. एकूण खर्च ६,१५० डॉलर धरला, तर निधीत ७,८५० डॉलर उरतात, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांचा घरखर्च. आणि तोही पत्नीचे काम संपण्याच्या तोंडावर. माझा नकार मुख्यतः या एका आकड्यामुळे आहे.

नव्या काडतुसाच्या चढ्या दराची मात्र आपण गरजेपेक्षा अधिक धास्ती घेतली आहे. सध्याचे काडतूस आपल्याला सव्वादोन डॉलरला पडते आणि वर्षाला आपण पन्नास झाडता. म्हणजे नव्या काडतुसाचा जादा खर्च वर्षाला नव्वद डॉलरच्या आत राहील. पण याच हिशेबाने ४०० नग आठ वर्षे पुरतील, आणि एवढ्या साठ्याला गुंतवणूक म्हणणे मला पटत नाही. त्यातून व्याज मिळत नाही, विकताना किरकोळ भाव मिळेल याची खात्री नसते, आणि नव्या काडतुसाचे भवितव्य बाजार ठरवतो. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये .३० टी/सी आणि ६.५ क्रीडमूर ही दोन्ही काडतुसे आणली. क्रीडमूरची पुंगळी टी/सीच्याच पुंगळीवरून बेतलेली होती. आज क्रीडमूर गावोगावच्या दुकानांत मिळते आणि टी/सी हौशी संग्राहकांपुरते उरले आहे. ज्या काडतुसाचा पुरवठा मुख्यतः एकाच कंपनीवर अवलंबून आहे, त्याचा आठ वर्षांचा साठा करणे ही गुंतवणूक नसून पैज आहे.

काही खर्च आपल्या यादीत आलेलेच नाहीत. आपण रिकाम्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरता. पोलाद पितळेइतके सहज मूळ आकारात येत नाही, त्यामुळे जुनी साधने आणि जुने अंदाज येथे चालतील असे गृहीत धरू नये आणि निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या मापाबाहेर दारू भरू नये. आपले स्नेही सुचवतात तशी जुन्या रायफलीची नळी या काडतुसासाठी बदलून घेण्याचा विचार तर सोडूनच द्या. याचे बूड .३०-०६ एवढे, म्हणजे आपल्या मॅग्नमच्या बुडाहून लहान आहे, त्यामुळे बोल्टचे (नळी मागून बंद करणाऱ्या भागाचे) तोंड त्याला जुळत नाही; शिवाय दाब जवळजवळ एक-तृतीयांश अधिक आहे, आणि तेथे वाचवलेला पैसा डोळ्यांवर बेतू शकतो. सरावाच्या अनेक मैदानांवर चुंबकाला चिकटणारी काडतुसे नाकारली जातात. हा नियम प्रामुख्याने ठिणग्या पाडणाऱ्या स्वस्त पोलादी गोळ्यांसाठी असला, तरी पुंगळ्यांबाबत आपल्या मैदानाचे धोरण आधी विचारून घ्यावे. शिवाय अनेक प्रमाणित गृहविम्यांत बंदुकांच्या चोरीची भरपाई २,५०० डॉलरपुरतीच असते. दुसरी रायफल आणि दुर्बीण घरात आली, की वेगळे संरक्षण घ्यावे लागेल.

एच-१बी व्हिसावर असलेल्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लावू नये. त्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा मुख्य अपवाद आहे, आणि परवान्याची मुदत संपली की त्याचा आधारही संपतो.

आपल्यासाठी मी असे सुचवेन. जाणत्या गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) सध्याच्या रायफलीची नळी दोन-तीन इंच आखूड करून तिला सायलेन्सरसाठी आटे पाडून घ्यावेत. प्रत्येक इंचामागे साधारण वीस-तीस फूट वेग जाईल आणि खर्च काही शे डॉलरांत आटोपेल. सायलेन्सर घ्यायचाच असेल, तर मासिक बचतीतून घ्यावा आणि तो ७ एमएमच्या दोन्ही काडतुसांना चालेल असा, ८०,००० पीएसआयच्या काडतुसासाठी निर्मात्याने मान्य केलेला निवडावा, म्हणजे पुढे रायफल बदलली तरी तो वाया जाणार नाही. पत्नीला नवे काम मिळून निधी किमान २६,००० डॉलरवर, म्हणजे चार महिन्यांच्या खर्चापर्यंत गेला, की हा विषय पुन्हा काढावा. तोवर आणखी एखाद्या कंपनीने हे काडतूस बाजारात आणले असेल, तर माझा विरोध बराच मावळेल. त्या वेळीही काडतुसे एका हंगामापुरतीच, म्हणजे तीन पेट्या, एकाच लॉटमधील घ्यावीत.