आकडी, झटका, अपस्मार आणि ‘मेंदूतले शॉर्टसर्किट’

प्रश्न असा आला आहे : ‘रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचे मराठी करत आहे. आकडी, झटका आणि अपस्मार हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालेल का? आणि “मेंदूत शॉर्टसर्किट झाल्याने आकडी येते” हे वाक्य बरोबर आहे का?’

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे : चालणार नाही. अपस्मार हे आजाराचे नाव, झटका ही घटना, आणि आकडी ही त्या घटनेची एक जात. लहान मुलाला तापात आकडी येते, रक्तातली साखर किंवा सोडियम फार खाली गेले तरी येते. एवढ्यावरून त्याला अपस्मार आहे असे कोणी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या 2014 च्या व्याख्येनुसार, तात्कालिक कारण नसताना 24 तासांहून अधिक अंतराने किमान दोन झटके आले, किंवा एकच आला पण पुढच्या 10 वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता 60 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल, तर तो अपस्मार. एखादे ठरावीक अपस्मार-संलक्षण (एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा ठरावीक समूह) ओळखू आले तरीही. थोडक्यात, झटका येऊन जातो. अपस्मार ही झटके पुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती आहे.

उलट बाजूही लक्षात घ्या. आकडी म्हटले की आखडलेले हातपाय, वळलेले शरीर, आचके डोळ्यांपुढे येतात. पण वर्गात बसलेले मूल बोलता बोलता दहा सेकंद शून्यात पाहते आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा बोलू लागते, तोही अपस्माराचा झटका असू शकतो. कुणाला नुसता हाताला मुंग्या आल्यासारखे वाटते, कुणाला नसलेला वास येतो. यात आकडी कुठेच नाही. माहितीपत्रकात सगळीकडे ‘आकडी’ छापलेत तर अशा मुलाच्या आईवडिलांना वाटेल, हे आपल्यासाठी नाही. म्हणून घटनेसाठी ‘अपस्माराचा झटका’ आणि शरीर आखडण्याच्या प्रकारासाठीच ‘आकडी’ असा भेद पाळावा. नुसते ‘झटका’ मात्र टाळा. हृदयविकाराचा आणि विजेचाही झटकाच असतो.

आता शॉर्टसर्किट. हा शब्द मी खोडीन, कारण त्यातून उलटेच चित्र उभे राहते. शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह चुकीच्या वाटेने जातो, काहीतरी जळते. झटक्यात चेतापेशी त्यांचे रोजचेच काम करत असतात. विश्रांतीत पेशीच्या आतली बाजू बाहेरपेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. शेजारच्या पेशींकडून पुरेसे उत्तेजन मिळाले की सोडियमचे दरवाजे उघडतात, आत धन प्रभार येतो आणि पेशी आवेग, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, सोडते. (‘पेशी फायर होते’चे ‘पेशी प्रज्वलित होते’ असे भाषांतरही दिसते, तेही नको.) काही पेशी ग्लुटामेट हे रसायन सोडून पुढच्या पेशीला चेतवतात, काही गाबा हे रसायन सोडून तिला आवरतात. या दोहोंच्या तोलावरच विचार, बोलणे, हालचाल चालते.

बिघाड होतो तो एकत्र येण्याचा. सभागृहात हजार माणसे आपापल्या गतीने टाळ्या वाजवतात तेव्हा नुसता गोंगाट असतो. त्याच टाळ्या एका तालात पडू लागल्या की भिंती हादरतात, माणसे मात्र तेवढीच असतात. झटक्यात असेच घडते. एखाद्या भागातल्या पेशी एकाच वेळी जोरदार आवेगांच्या सरी सोडतात. भोवतीच्या आवरणाऱ्या पेशी काही काळ त्यांना अडवून धरतात. दरम्यान पेशींबाहेर पोटॅशियम साचून शेजारच्या पेशी सहज चेतण्याजोग्या झालेल्या असतात. आवरणाऱ्या पेशी थकल्या, की ताल पसरतो. हाताच्या बोटांत सुरू झालेले आचके मनगट, दंड, चेहरा असे सरकताना दिसतात, ते मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या या लाटेमुळे. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी 1873 मध्ये अपस्माराचे वर्णन करड्या द्रव्यातले (मेंदूच्या चेतापेशींनी भरलेल्या भागातले) अधूनमधून येणारे, अचानक, अतिरिक्त, वेगवान व स्थानिक विसर्जन, म्हणजे आवेगांचा स्फोट, असे केले होते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी माणसाच्या ईईजीवरचा (मेंदूतल्या विद्युत क्रियेच्या आलेखावरचा) पहिला लेख प्रसिद्ध केला 1929 मध्ये. म्हणजे जॅक्सन यांच्यापुढे मेंदूचा कोणताही आलेख नव्हता, रुग्णाच्या हालचालीच होत्या. मला याचे फार अप्रूप वाटते.

आंतरराष्ट्रीय संघाच्या झटक्याच्या 2005 च्या व्याख्येत जॅक्सन यांच्या त्या ‘अतिरिक्त’ला जोड मिळाली : ‘अतिरिक्त किंवा एकाच वेळी होणारी’ चेतापेशींची असामान्य क्रिया. ‘किंवा’ गाळू नका. शून्यात पाहणाऱ्या त्या मुलाच्या ईईजीत सेकंदाला साधारण तीन या गतीने काटा आणि लाट अशी जोडी दोन्ही बाजूंना उमटते. तिथे थॅलॅमस (मेंदूच्या आतला एक भाग) आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) यांच्यातले जाळे एका तालात अडकलेले असते, आणि त्या तालात आवरणाऱ्या पेशींचाही हात असतो. तेव्हा ‘मेंदूत जादा वीज तयार होते’ हे वाक्यही अपुरे. ड्राव्हे संलक्षणात (लहानपणीच सुरू होणाऱ्या एका तीव्र अपस्मारात) तर बहुतेकदा सोडियम वाहिनीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या सोडियमच्या दरवाजाच्या, एका जनुकात दोष असतो आणि त्याने मुख्यतः आवरणाऱ्या पेशीच दुबळ्या होतात. म्हणून सोडियम वाहिन्या रोखणारी, इतर अनेकांना उपयोगी पडणारी औषधे या मुलांचे झटके वाढवू शकतात. ‘जादा वीज’ एवढेच मनात धरले तर हे उमगणारच नाही.

या ‘एकाच वेळी’साठी शब्द कोणता? ‘समकालिक’ ऐकून एकाच काळात जगलेली माणसे आठवतात. ‘एकतान’ सुंदर आहे, पण त्यात मन लावून गढून जाण्याचा अर्थ मुरलेला आहे. माहितीपत्रकासाठी ‘एकाच वेळी, एका तालात’ हे चार साधे शब्द मला अधिक भरवशाचे वाटतात. ‘नेटवर्क’ला ‘जाळे’ उत्तम.

‘अपस्मार’बद्दल थोडे. स्मृती जाणे हा त्याचा गाभा. चरकसंहितेत स्मृती, बुद्धी व सत्त्व (मन) यांचा संप्लव, म्हणजे गोंधळ, आणि अधूनमधून होणारा तमःप्रवेश (अंधारात शिरल्यासारखे भान जाणे) असे त्याचे लक्षण दिले आहे; ‘अधूनमधून’ हा भाग तेव्हाच टिपला गेला. काही झटक्यांत भान पूर्ण शाबूत राहते, त्यांना हा शब्द अक्षरशः लागू पडत नाही. तरी आजाराचे नाव म्हणून तो रुजला आहे, तो ठेवावा. ‘फेफरे’ आणि ‘मिरगी’ लोकांना कळतात. शीर्षकाखाली एकदा द्या, म्हणजे शोधणाऱ्याला पत्रक सापडेल. ‘फिट’ बोलण्यात आहेच, संवादाच्या भागात जरूर वापरा.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘मेंदूच्या एखाद्या भागातील किंवा दोन्ही बाजूंना पसरलेल्या जाळ्यातील असंख्य चेतापेशी थोडा वेळ एकाच वेळी, एका तालात आवेग सोडू लागतात आणि त्यांना आवरणारी यंत्रणा अपुरी पडते, त्यातून अपस्माराचा झटका येतो.’ आणि त्याला लागूनच, वेगळ्या ठळक ओळीत : ‘आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने वैद्यकीय मदत मागवा.’ इथे ‘आकडी’च हवी, कारण समोरच्या घाबरलेल्या माणसाला दिसते आहे ती तीच.