गॅरेजवाल्या काकांना विचारा

प्रश्न : नमस्कार काका. माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावीला आहे. ह्यांची १५०ची बाइक तो शनिवारी रात्री "मित्राकडे अभ्यासाला" म्हणून नेतो आणि पहाटे परततो. दोन महिन्यांत सर्व्हिसिंगच्या नावाखाली दोनदा पैसे नेले. आरसे काढून ठेवलेत, विचारलं तर "हलत होते" म्हणतो. परवा शेजारच्या काकूंनी सांगितलं, पाम बीच रोडवर पोरं रेस लावतात, त्यात हा दिसला. चावी लपवू का? ह्यांना अजून बोलले नाही.
– एक आई, नेरूळ

उत्तर : ताई, चावी लपवून काही होणार नाही. डुप्लिकेट चावी पन्नास पावलांवर बनते. आधी उजेडात गाडी बघा. मागच्या टायरची मधली नक्षी गुळगुळीत आणि कडा नव्यासारख्या असतील, तर गाडी सरळ रस्त्यावर पिळलीय किंवा जागेवर टायर जाळलाय. नंबर प्लेट वर वळवलेली असेल तर ती कॅमेऱ्यात नंबर येऊ नये म्हणून. आवाज फाटका येत असेल तर सायलेन्सरच्या आतला बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढलाय. हे पोरगं घरी बसून करत नाही, माझ्यासारखाच कुणीतरी दोनशे-पाचशे रुपयांसाठी करून देतो. मीही दिलंय. त्यातली एक गाडी पुढे अपघातानंतर टेम्पोत लादून माझ्याकडे परत आली. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, पण ब्रेक पॅड मी बसवले तसेच कोरे. त्या पोराला ब्रेक दाबायलाच सवड मिळाली नव्हती. तो वाचला, अजून लंगडतो. तेव्हापासून मी बॅफलला हात लावत नाही.

ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. समोरचं दिसून, हात ब्रेकवर जाऊन गाडी थांबेपर्यंत ९०-१०० मीटर जातात, तेही टायर धड असेल तर. सारसोळे जेट्टीवर जाणारी कोळी मंडळी पहाटे तोच रस्ता ओलांडतात, डोक्यावर पाटी, खांद्यावर जाळं. त्यांनी कुठल्या शर्यतीत नाव दिलेलं नसतं. पोराला विचारा, तिथे ९० मीटर आधी तुला कोण दिसतं?

आता तुम्हाला कडू लागेल ते. वय १७, म्हणजे गिअरच्या गाडीचं लायसन्स त्याला मिळूच शकत नाही. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालक आणि गाडीमालकालाच दोषी धरतं : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "आम्हाला ठाऊक नव्हतं" हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध तुम्ही करायचा. आणि ताई, हे पत्र लिहिलंत तेव्हाच तो बचाव संपला. म्हणून ह्यांना आजच सांगा. गाडी त्यांच्या नावावर आहे.

पोराला वेगाचं वेड असेल तर त्याला मी वाईट म्हणणार नाही, मलाही होतं. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर मी एकदा मेकॅनिक म्हणून गेलो होतो. तिथे शर्यतीआधी गाडीची तपासणी होते. चेन सैल निघाली म्हणून आमची गाडी बाजूला काढली, मालक पाया पडायचा बाकी होता. समोरून कुणी येत नाही, मध्ये कुणी रस्ता ओलांडत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स उभी. आमच्या टीममधला सगळ्यात वेगवान पोरगा आल्या आल्या आधी ब्रेक तपासायचा, आरशात भांग नंतर पाडायचा. तुमच्या पोराला हे ऐकवायचंय मला, पण तुमच्यामार्फत नाही.

रविवारी दहाला गॅरेजवर या, तिघेही. गाडी ह्यांनी चालवावी, पोरगा मागे, हेल्मेट दोघांनाही. तुम्ही रिक्षाने. बॅफल नवा मी बसवेन, पैसे पोराच्या खिशातून. आणि काढलेले आरसे आठवणीने आणा, माळ्यावर नसतील तर पलंगाखाली बघा.