ताय लुंगला ड्रॅगनची गुंडाळी (अमर्याद शक्तीचं रहस्य सांगणारी) का नाकारली? तो तर सर्वात हुशार होता ना?

हुशार होताच. ‘कुंग फू पांडा’मध्ये (2008) कुंग फूच्या हजार गुंडाळ्या आत्मसात करणारा पहिला शिष्य हा हिमबिबट्याच. पुढे 20 वर्षं जखडून ठेवलेला असताना एका पिसाने कुलूप उघडून सुटतो, म्हणजे कसब गंजलेलंही नाही.

घोळ हेतूत आहे. दारात सापडलेल्या या पिल्लाला त्याचा गुरू शिफू याने पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि ‘तू थोर होणार’ हेच सतत कानात भरलं. त्यामुळे गुंडाळी त्याला वरदान नाही, हक्काची वसुली वाटते. शिफूचा गुरू ऊग्वे याने नकार दिला तेव्हा शिफू गप्प राहिला; खरा घाव तो. म्हणून सुटल्यावर ताय लुंग शिफूलाच जाब विचारतो, त्याच्या तोंडून ‘अभिमान वाटतो’ ऐकायला धडपडतो.

आम्हा दादरकरांना इथे आचरेकर सर आठवतात. सचिन खेळत होता तोवर ते त्याला कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. शिफूने नेमकं उलटं केलं. (गावाची नासधूस मात्र ताय लुंगचीच, ती शिफूच्या माथी मारू नका.)

गुंडाळी शेवटी कोरी निघते. नायक पांडा पो हसतो, ताय लुंगला ती बघून काही कळतच नाही.