दिवा लागत नाही? आधी अर्थ लावा

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. माझी 100 सीसीची गाडी 2010 सालची आहे. पीथमपूरला कामाला आहे, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री राऊवरून घरी येतो. पावसाळ्यापासून हेडलाईट मंद झाला आहे. मेकॅनिकने आधी बल्ब बदलला, मग आरआर युनिट (व्होल्टेज ताब्यात ठेवणारं) बदललं, आता म्हणतो कॉइल प्लेट (वीज तयार करणारी) गेली. अठराशे रुपये घालून झाले, उजेड तसाच. आणखी एक गंमत म्हणजे हेडलाईट लावला की चारी इंडिकेटर मिणमिण पेटतात, आणि गल्लीच्या तोंडाशी हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की हेडलाईट जातो, सरळ केलं की परत येतो. कॉइल प्लेट टाकू का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मुळीच टाकू नका. जे तुम्ही गंमत म्हणून शेवटी लिहिलंत, तेच तुमच्या गाडीचं दुखणं आहे. कॉइल प्लेटला तुम्ही हँडल कुठे वळवताय हे कळत नाही हो. ती बिचारी इंजिनाच्या पोटात बसलेली असते. कॉइल अशक्त असती तर हँडल सरळ असो की वाकडं, दिवा सारखाच मंद राहिला असता. आणि इंडिकेटर तर बॅटरीवर चालतात, त्यांनी कॉइलच्या आजारात कण्हायचं कारण नाही.

तुमचा अर्थ गेला आहे. म्हणजे अर्थची वायर, करंटला परत नेणारी. अठराशे रुपयांचा अर्थही गेला, त्याला आता इलाज नाही.

बल्बमधून जितका करंट जातो, तितका परतही यावा लागतो. तुमच्या गाडीत हेडलाईट, मीटर आणि पुढचे दोन इंडिकेटर यांचा परतीचा रस्ता एकच असतो, हेडलाईटच्या वाटीतून हँडलच्या गळ्याजवळून मागे जाणारी एक वायर. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ती हिरवी असते. दुसऱ्या गाड्यांत काळी किंवा काळी-पिवळी दिसेल. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याचा रस्ता बंद होतो, आणि मग गाड्या दिसेल त्या गल्लीत घुसतात, तसंच इथे होतं. हिरवीतून जाता येईना, की हेडलाईटचा करंट पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो आणि मागच्या इंडिकेटरमधून अर्थला जातो. वाटेत चौघांनाही मिणमिण पेटवून जातो. इंडिकेटर चालू नसताना इंडिकेटर पेटताहेत, याहून स्पष्ट कबुलीजबाब वायरिंग देत नाही.

आता हँडलचं. दिवसातून कितीतरी वेळा हँडल इकडून तिकडे फिरतं आणि गळ्याजवळ ती वायर तेवढ्याच वेळा वाकते. आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं. म्हणून नुसतं बघून काही सापडत नाही. त्यात पावसाचं पाणी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात, शिरलं, की पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर चढतो. पावसाळ्यापासून म्हणालात, ते यामुळे.

एवढ्याशा कळंकाने काय होतं, असं वाटेल. हिशेब करा. 35 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर खातो, म्हणजे तापल्यावर त्याचा स्वतःचा रोध जेमतेम 4 ओहम. वाटेत 1 ओहमचा खराब जोड आला, की सव्वादोन-अडीच व्होल्ट तिथेच संपतात आणि बल्बला उरतात साडेनऊ. पण उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने कोसळतो. साडेनऊ व्होल्टला तो निम्म्यावर येतो. राऊच्या पुढे तुम्हाला खड्डा अंगावर आल्यावर दिसतो, त्याचं कारण हे.

खात्री करायला मल्टिमीटरही नको. दोन-अडीच मीटर जाड वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. हेडलाईटच्या रिंगचे स्क्रू काढून काच-बल्ब बाहेर घ्या. हाताने धरून ठेवा, वायरवर लोंबकळू देऊ नका. बल्बच्या होल्डरला तीन वायरी असतात : अप्पर, डिप्पर आणि अर्थ. होंडाच्या पद्धतीत निळी, पांढरी आणि हिरवी. तुमच्या वायरचं एक टोक हिरवीच्या पिनेत मागून खुपसा, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. पॉझिटिव्हला चुकूनही नाही. इंजिन चालू करा, हेडलाईट लावा. उजेड एकदम उघडला आणि इंडिकेटर विझले, की निकाल लागला. नंतर हँडल दोन्हीकडे फिरवा. आता दिवा जाणार नाही.

दुरुस्ती सांगतो, पण ती नीट करून घ्या. गळ्याजवळ नवा वायरचा तुकडा, जुन्याइतकाच जाड, डाग देऊन (सोल्डर करून) जोडायचा आणि वर स्लीव्ह चढवायची. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणाऱ्याला हात जोडा आणि गाडी घेऊन परत या. पुढच्या पावसाळ्यात त्या टेपखाली पुन्हा कळंक येतो. शिवाय वाटीतल्या हिरव्या जोडापासून एक जादा वायर काढून टोकाला थिंबल (धातूचं कडं) लावून चासीच्या बोल्टखाली बसवा. बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा. रंगावर बसवलेला अर्थ म्हणजे नुसती शोभा. वायरला गळ्याजवळ थोडी ढील ठेवा, हँडल पूर्ण वळवून ती ताणली जात नाही हे बघा. मग वर व्हॅसलीन. सामानाला शंभर रुपयेही लागू नयेत.

ही अक्कल मलाही फुकट आलेली नाही. मल्हारगंजात उस्तादांकडे शिकत होतो, तेव्हा एक गिऱ्हाईक संध्याकाळी ओंकारेश्वरला जायचं म्हणून गाडी घेऊन आलं. उस्ताद नमाजाला गेलेले. मी मोठ्या रुबाबात कॉइल प्लेट बदलली, रेस देऊन उजेड दाखवला, पैसे घेतले. भेरूघाटाच्या वळणांत हेडलाईट गेला. एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत तो माणूस बडवाहापर्यंत गेला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभा राहिला. उस्तादांनी पाना उचललाच नाही. हेडलाईट लावून वाटीमागची वायर बोटांनी दाबत दाबत गळ्यापर्यंत गेले, एका जागी दिवा लुकलुकला. मला म्हणाले, “पहले अर्थ देख लेता, मियाँ.” प्लेटचे पैसे माझ्या पगारातून परत गेले.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. या जुन्या गाड्यांत हेडलाईट थेट कॉइलच्या एसी करंटवर असतो, बॅटरीवर नाही. त्यामुळे सिग्नलला गाडी आयडलवर असताना तो मंद होणार आणि रेस दिली की वाढणार. तुमचा दोष निघाल्यावरही एवढं राहील.

प्रश्न : काका, आमच्या ह्यांच्या गाडीचा बल्ब दर पंधरा-वीस दिवसांनी उडतो. अप्पर आणि डिप्पर दोन्ही एकदमच जातात. शहरात काही होत नाही, महू-इंदूर हायवेवरच होतं. चांगल्यातला बल्ब घेऊ का?
— एक वाचक, महू

उत्तर : ताई, बल्ब कितीही चांगला घेतलात तरी जाईल. दोन्ही फिलामेंट एकदम, आणि तेही जोरात चालवतानाच उडतात, म्हणजे व्होल्टेज डोक्यावरून जातंय. इंजिन जितकं पळतं, तितकं कॉइल जास्त व्होल्ट काढते. ते दाबून ठेवायचं काम आरआर युनिटचं. होल्डरवर मल्टिमीटर एसीवर लावून रेस द्यायला सांगा. आकडा 14-15 च्या आसपास अडकला पाहिजे. तो चढतच गेला तर युनिट दोषी.

पण थांबा, लगेच नवं आणू नका. युनिटला चार वायरी असतात, त्यातली एक अर्थची. जास्तीचं व्होल्टेज युनिट याच वायरीतून चासीला घालवतं. ती सैल असली तर नवंकोरं युनिटही हतबल. आधी ते कपलर काढून पिना घासा, अर्थचा बोल्ट कसा, मग पुन्हा मोजा. लोकमान्य नगरच्या भाऊंना जे सांगितलं, तेच तुमच्याकडे उलट्या अंगाने आलंय. त्यांचा दिवा अर्थवाचून मंद, तुमचा अर्थवाचून जळून जातो.

आणि हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका म्हणावं ह्यांना. बोटाचं तेल तापून काच तिथेच दगा देते. कागदात धरून बसवायचा.

प्रश्न : सर, भंवरकुआंला राहून तयारी करतोय. दादाची जुनी गाडी मिळाली आहे, उजेड कमी वाटतो. 35 वॉट काढून 60/55 वॉटचा बल्ब टाकू की सरळ एलईडी?
— एक विद्यार्थी

उत्तर : दोन्ही नको रे बाळा. तुझ्या कॉइलची कमाई ठरलेली आहे. 60 वॉटचा पाहुणा आला म्हणून ती वाढत नाही, उलट व्होल्टेज बसतं. वर स्विचचे पॉइंट आणि होल्डर तापून वितळतात. असे चिकटलेले होल्डर मी पकडीने उपटून काढलेत. एलईडी एसीवर लुकलुकतो. तो नीट चालवायचा तर कॉइलची जोडणी बदलून डीसी करावी लागते, आणि एवढं करूनही हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमधून त्याचा उजेड भलतीकडे फेकला जातो. समोरच्याच्या डोळ्यांत जास्त, तुझ्या रस्त्यावर कमी. रिफ्लेक्टर पिवळा पडला असेल तर तो बदल, काच आतून पूस, हेडलाईटचा कोन नीट लाव. तेवढ्याने बराच फरक पडेल.

प्रश्न : नवी गाडी घेतली. हेडलाईट बंद करायचं बटणच नाही. दुपारी सिग्नलला प्रत्येक जण हाताची बोटं उघडझाप करून खुणावतो. बॅटरी उतरेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, रामबाग

उत्तर : नाही उतरणार. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना हेडलाईट आपोआप लागलेला ठेवणं सक्तीचं आहे, इंजिन सुरू झालं की दिवा लागतो. खुणावणाऱ्यांना मान डोलवा आणि पुढे निघा.